‘पळवून नेलं’ असं म्हणतो तेव्हा कायदा काय विचारतो? अपहरण या शब्दाचा अर्थ आणि वापर

प्रश्न असा आला आहे. चोपडा तालुक्यातल्या एका गावातून १७ वर्षांची मुलगी निघून गेली. काही दिवसांनी ती आणि २२ वर्षांचा एक मुलगा सुरतेला सापडले. मुलीच्या वडिलांनी तोवर फिर्याद दिली होती आणि मुलावर अपहरणाचा गुन्हा दाखल झाला होता. मुलाचे मामा लिहितात, “पोरगी स्वतःच्या मर्जीने गेली. फोन तिचाच आला होता. मग याला अपहरण कसं म्हणायचं? अपहरण म्हणजे तोंड दाबून गाडीत कोंबणं ना? फिर्यादीत ‘फूस लावून पळवून नेले’ असं लिहिलंय. ही फूस म्हणजे नेमकं काय? आणि पोरगी १८ची असती तर?”

भाऊ, मी जळगाव जिल्ह्यातल्या न्यायालयांत फौजदारी कामं चालवतो. काही खटल्यांत मुलीच्या बापाच्या बाजूने उभा राहिलो, काहींत मुलाच्या. थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं: मुलगी १८च्या आत असेल तर तिची मर्जी कायदा मोजत नाही. पण मुलाने स्वतः काय केलं हे मोजतो. तुमच्या भाच्याचा खटला या दुसऱ्या वाक्यावर उभा राहील किंवा पडेल. आता हे नीट उलगडून सांगतो, कारण या एका शब्दाखाली आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो आणि त्याचे परिणाम माणसांना वर्षानुवर्षं भोगावे लागतात.

आपल्याकडे घरातून पोरगी गेली की पहिलं वाक्य अहिराणीत येतं: “पोर पयी गयी.” या वाक्यात जाणारी तीच आहे. तेच घर संध्याकाळी पोलीस ठाण्यात पोचतं तेव्हा वाक्य होतं, “पोरले लई गया.” आता नेणारा कोणीतरी आला. ठाणे अंमलदार ते कागदावर घेतो तेव्हा त्याचं होतं, ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले.’ घटना एकच, पण तीन वाक्यांत कर्ता बदलत गेला. फौजदारी कायद्याला तर कर्ताच हवा असतो. कोणी केलं, काय केलं, कशासाठी केलं? म्हणून फिर्याद देणाऱ्याने आणि ज्याच्यावर ती झाली त्याने, दोघांनीही आधी हे वाक्य तपासून पाहावं.

रोजच्या मराठीत ‘अपहरण’ म्हणजे एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध उचलून नेणं. विमानाचं अपहरण म्हणतो, व्यापाऱ्याचं खंडणीसाठी अपहरण म्हणतो. ज्याला नेलं तो अपहृत, नेणारा अपहरणकर्ता. हरणे या धातूत हिरावून नेण्याचा अर्थ आहे, आणि त्याच धातूचा दुसरा शब्द ‘अपहार’ पैशांसाठी वापरतात. पतसंस्थेतल्या ठेवींचा अपहार होतो, माणसाचं अपहरण होतं. अर्ज लिहिताना या दोघांची अदलाबदल झालेली मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून सांगून ठेवतो. कायद्याच्या मराठी पुस्तकांत ‘अपनयन’ आणि ‘अपहरण’ अशी जोडी भेटते, कारण कायद्यात हे दोन वेगळे प्रकार आहेत. ठाण्यात आणि वर्तमानपत्रात मात्र दोन्हींना अपहरणच म्हणतात. त्यामुळे मी इथे कलमाचा आकडा घेऊनच बोलतो, म्हणजे गोंधळ होणार नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या घटनांना १८६० ची भारतीय दंड संहिताच लागते. जुन्यातलं ३६१ आणि ३६३ आता नव्यात १३७ झालं आहे. जुनं ३६२ आता १३८ आहे.

कलम १३७ पालकाच्या ताब्याचं रक्षण करतं. १८ वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला, अथवा मानसिकदृष्ट्या अक्षम असलेल्या व्यक्तीला, कायदेशीर पालकाच्या संमतीशिवाय त्याच्या ताब्यातून ‘नेणं’ किंवा ‘भुलवून नेणं’ म्हणजे हा गुन्हा. यात बळजबरी लागत नाही, चाकू लागत नाही, तोंड दाबावं लागत नाही. वाईट हेतूही सिद्ध करावा लागत नाही. मूल खुशीने गेलं तरी गुन्हा होतो, कारण संमती विचारायची ती पालकाची. शिक्षा ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. भारताबाहेर नेण्याचा वेगळा प्रकार याच कलमात आहे, त्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही.

इथे एक बदल लक्षात घ्या. जुन्या कायद्यात मुलींसाठी मर्यादा १८ आणि मुलग्यांसाठी १६ होती. नव्यात दोघांनाही १८. म्हणजे १७ वर्षांच्या मुलग्याला कोणी घरच्यांच्या नकळत नेलं तरी आता १३७ लागू शकतं. गावात अजून कोणाच्या हे ध्यानात आलेलं नाही.

आणि पालक म्हणजे फक्त आई-बाप नव्हे. ज्याच्याकडे मुलाची देखभाल कायदेशीररीत्या सोपवली आहे तो प्रत्येकजण या कलमापुरता पालक ठरतो. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात शेकडो मुली आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहतात. तिथून मुलगी नेली तर ‘आई-बापाच्या घरातून नेलीच नाही’ हा बचाव चालत नाही. मामाकडे शिकायला ठेवलेली मुलगी मामाच्या ताब्यात असते.

कलम १३८ याहून वेगळं आहे. तिथे वयाचा संबंध नाही. कोणत्याही माणसाला, मग तो ६० वर्षांचा का असेना, जबरदस्तीने जायला भाग पाडणं किंवा फसवून जायला लावणं म्हणजे हा प्रकार. लोकांच्या मनातलं तोंड दाबून नेण्याचं अपहरण ते हेच. पण गंमत नव्हे, अडचण अशी की नुसत्या १३८ ला स्वतंत्र शिक्षा नाही. ते कशासाठी केलं यावर शिक्षा ठरते. खून करण्यासाठी नेलं, खंडणीसाठी नेलं, गुप्तपणे डांबून ठेवण्यासाठी नेलं, याची कलमं १४० मध्ये आहेत. स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध लग्न करायला लावण्यासाठी किंवा शरीरसंबंधासाठी नेलं तर कलम ८७, आणि तिथे शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. लहान मुलाला भीक मागायला लावण्यासाठी पळवलं तर कलम १३९, किमान १० वर्षं सक्तमजुरी, जन्मठेपेपर्यंत.

आता तुमच्या भाच्याकडे येऊ. त्याच्या बाबतीत भांडण १३७ मधल्या ‘नेणं’ आणि ‘भुलवून नेणं’ या दोन क्रियांचं आहे. फिर्यादीतली ‘फूस’ ती हीच. फूस लावणं म्हणजे मुलीच्या मनात घर सोडण्याची इच्छा तयार करणं. लग्नाचं वचन, मोबाइल, पैसे, ‘सुरतेला काम लावून देतो’ अशी आशा, वारंवार समजूत घालणं. त्या दिवशी मुलगी स्वतःच्या पायांनी बाहेर पडली असेल, पण तिला बाहेर पडायला महिनाभर कोणी तयार करत असेल, तर ती फूसच.

यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकत्र वाचावे लागतात. पहिला एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य, १९६४ चा. कॉलेजात शिकणारी, १८ ला थोडीच कमी असलेली मुलगी. वडिलांना प्रकरण कळल्यावर त्यांनी तिला नातेवाइकाकडे नेऊन ठेवलं. तिथून तिने स्वतः तरुणाला फोन केला, ठरल्या रस्त्यावर ये म्हणाली, गाडीत बसली आणि लग्नाची नोंदणी करून दोघं गावोगाव फिरली. न्यायालयाने तरुणाला सोडलं. कारण असं दिलं की नेणं आणि सोबत येऊ देणं यांत फरक आहे. मुलीने स्वतःच घर सोडायचं ठरवलं, तिला आपण काय करतोय हे पूर्ण समजत होतं, आणि तरुणाने आधी तिला उकसवल्याचा पुरावा नाही. अशा वेळी तिला बापाच्या घरी परत पोचवण्याची कायदेशीर सक्ती त्याच्यावर नव्हती.

आरोपीचे नातेवाईक हा निकाल कुठूनतरी ऐकतात आणि निर्धास्त होतात. तसं होऊ नका. १९७३ चा हरियाणा राज्य विरुद्ध राजाराम हा निकाल दुसऱ्या टोकाला आहे. तिथेही मुलगी आपणहून चालत गेली होती. पण तिला निरोप पाठवून पाठवून तयार केलं गेलं होतं, आणि ती अवघी १४ वर्षांची होती. न्यायालय म्हणालं, पालकाच्या ताब्यातून बाहेर पडायची तयारी मुलीच्या मनात कोणी निर्माण केली, तर तेवढं पुरे. तिची संमती बिनमहत्त्वाची. आणि अलीकडे, २०२१ मध्ये, गुजरातच्या अन्वरसिंह खटल्यात न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की दोघांचं प्रेम होतं हा अपहरणाच्या आरोपावरचा बचाव नाही. दोष कायम ठेवला. मात्र वयातलं अंतर, बळजबरी नसणं आणि मध्ये गेलेली वर्षं पाहून शिक्षा भोगलेल्या काळापुरती केली.

म्हणून तुमच्या प्रकरणात मला काही गोष्टी बघाव्या लागतील. त्या दिवशी पहिला फोन कोणाचा होता? त्याआधीच्या महिन्यात कोणाचे फोन जास्त होते, मेसेजमध्ये काय लिहिलं होतं? ‘ये’ कोण म्हणालं आणि ‘नको येऊ’ कोणी म्हटलं होतं का? मुलगी घरून पैसे, कागदपत्रं घेऊन एकटीच स्टेशनवर गेली की मुलगा मोटारसायकल घेऊन गावाबाहेर उभा होता? अमळनेरहून सुरतेची गाडी धरली असेल तर तिकीट कोणाच्या नावावर, पैसे कोणाच्या खात्यातून? तिथे खोली आधीच ठरवलेली होती का? खोली आधी घेऊन ठेवली असेल तर ‘ती अचानक आली, मी काय करणार’ हे न्यायाधीश मानणार नाहीत. तिनेच फोन केला एवढं एक वाक्य घेऊन न्यायालयात जाऊ नका.

आता कटू भाग. अशा प्रकरणात १३७ हा बहुधा सर्वात हलका आरोप असतो. एकट्या १३७(२) मध्ये जामीन हक्काने मिळतो. पण दोघं काही दिवस एकत्र राहिले आणि मुलीच्या जबाबात किंवा वैद्यकीय अहवालात शरीरसंबंध आला, की २०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा लागतो. ज्याला आपण सगळे पोक्सो म्हणतो. तिथे १८ खाली संमती नावाची गोष्टच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा १० वर्षं, आणि मुलगी १६ च्या आत असेल तर २०. लग्न लावलं म्हणून सुटका होत नाही. २०१७ पासून अल्पवयीन पत्नीशी संबंधही बलात्कारच धरला जातो. उलट २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याचं कलम १२ सांगतं की पालकाच्या ताब्यातून नेलेल्या किंवा फूस लावून आणलेल्या अल्पवयीन मुलीचं लग्न मुळातच रद्दबातल, म्हणजे झालंच नाही असं. स्टँपवर लिहिलेला ‘विवाह करारनामा’, नोटरीचा शिक्का, देवळातला फोटो, यांनी मुलाचा बचाव तर होत नाहीच. दोघं एकत्र राहत होती याचा पुरावा मात्र पोलिसांच्या हाती आयता जातो. अशा कागदांसाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

वयाच्या पुराव्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण कित्येक खटले इथेच फिरतात. खानदेशातल्या कुठल्याही गावात शाळेचं जनरल रजिस्टर उघडा, १ जून जन्मतारखेची रांग दिसेल. शाळेत नाव घालताना बापाला तारीख माहीत नसायची, गुरुजी जूनची पहिली टाकायचे, आणि वर्षही कधी मागे-पुढे व्हायचं. आज त्याच तारखेवर एखाद्याचा तुरुंग ठरतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे: शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि तिच्यात साधारण २ वर्षांचा फरक धरून चालावं लागतं. २०२३ मध्ये पी. युवप्रकाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता शाळा बदलतानाचा दाखला आणि रजिस्टरचा उतारा या कलमात बसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी पहिलं काम करावं ते ग्रामपंचायतीतून जन्मनोंद काढण्याचं. मूळ नोंदवही बघा. नोंद जन्माच्या वेळी केलेली आहे की नंतर उशिरा केलेली, तेही बघा. आधारकार्डावरची तारीख वयाचा पुरावा धरत नाहीत.

तुम्ही विचारता, मुलगी १८ ची असती तर? तर १३७ लागलंच नसतं. घरचे ठाण्यात गेले असते तर ‘मिसिंग’ नोंदवली गेली असती, म्हणजे बेपत्ता व्यक्तीची नोंद. ती गुन्हा नव्हे. पोलिसांनी शोधून जबाब घेतला असता, ‘मी माझ्या इच्छेने गेले’ म्हणाली की विषय संपला. १८ पूर्ण झालेली मुलगी कोणाच्या ताब्यात नसते. बापाच्याही नाही, भावाच्याही नाही, समाजाच्या पंचांच्याही नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हादिया या मर्जीने लग्न केलेल्या सज्ञान तरुणीच्या प्रकरणात आणि त्याच वर्षी शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवरच्या निकालात हे फार स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. उलट घरच्यांनी तिला परत आणून खोलीत कोंडलं तर डांबून ठेवल्याचा गुन्हा त्यांच्यावर होतो. अशा वेळी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लोकांना औरंगाबाद खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते. वकील मंडळी तिला हेबियस म्हणतात. पण १८ पूर्ण झालेल्या मुलीलाही धमकावून किंवा खोटं बोलून नेलं असेल, तर १३८ आणि ८७ ची दारं उघडी आहेतच. तिथे मात्र तिची मर्जी हाच सगळ्या खटल्याचा कणा असतो.

‘पोर घरून गेली म्हटल्यावर पोलीस लगेच अपहरणच का लिहितात, कोणाचं नावही नसताना?’ असाही प्रश्न लोक विचारतात. त्यामागे सबळ कारण आहे. १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की ते अपहरण किंवा मानवी तस्करी असू शकतं असं गृहीत धरून गुन्हा नोंदवा आणि तपास करा. ४ महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जावा. त्याआधी मूल हरवलं की ठाण्यात ‘येईल दोन दिवसांत’ असं ऐकवून बापाला परत पाठवत. त्या दोन दिवसांत मूल कुठच्या कुठे पोचतं. सातपुड्यातून ‘कामाला लावतो’, ‘चांगल्या घरी लग्न लावून देतो’ म्हणून नेलेल्या मुलींचं पुढे काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या आदेशाची किंमत कळते. तेव्हा ‘अज्ञात इसमाने फूस लावून’ हे सुरुवातीचं वाक्य म्हणजे तपास सुरू करण्यासाठीचं गृहीतक आहे. ते सिद्ध झालेलं सत्य नाही. दुःख याचं की वर्तमानपत्रात ते सत्य म्हणून छापलं जातं आणि गावही तसंच वाचतं.

मुलगी किंवा मुलगा खरोखर हरवला असेल तर वाट पाहू नका. २४ तास थांबण्याचा कुठलाही नियम नाही. हद्द कोणाची यावरून ठाण्याने परत पाठवू नये. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये ते लिहूनच ठेवलं आहे. ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक चालू आहेत. फिर्यादीत जे माहीत आहे तेच लिहा. फोन नंबर, शेवटचं कुठे दिसली, अंगात काय होतं, कोणाशी बोलत असे. संशय असेल तर ‘संशय आहे’ असंच लिहा. शेजारच्या जातीच्या मुलाचं नाव राग म्हणून घालू नका. खोट्या तपशिलाने तपास भलतीकडे जातो आणि तुमचीच लेक लांब राहते.

नंदुरबारकडच्या आदिवासी समाजाबद्दल दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. भिल्ल, पावरा समाजात मुलगा-मुलगी आपसात ठरवून निघून जाणं आणि मग पंचांनी बसून देज, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायची रक्कम, ठरवून लग्न मान्य करणं ही जुनी, मान असलेली रीत आहे. तिथे निघून जाणं म्हणजे बेअब्रू नव्हे. बाहेरचे लोक भोंगऱ्या बाजाराला ‘पोरी पळवण्याचा बाजार’ म्हणतात, ते चूक आहे आणि त्या समाजाला ते लागतं. तो होळीच्या आधीचा खरेदीचा, भेटीगाठींचा, ढोल-मांदळाचा बाजार आहे. पण हेही खरं की हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नसला, तरी बालविवाह प्रतिबंध कायदा, पोक्सो आणि १३७ सगळ्यांना सारखेच लागू होतात. पंचांनी देज घेऊन मिटवलेलं प्रकरण पुढे मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात गेल्यावर उघड होतं, कारण वय १८ खाली दिसलं की पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. मग १९-२० वर्षांचा मुलगा थेट तुरुंगात जातो आणि मुलगी कडेवर बाळ घेऊन न्यायालयाच्या आवारात बसते. पंचमंडळींनी मुलीची १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबण्याची अट घातली, तर यातली कितीतरी कुटुंबं वाचतील. कायदा शिकवायला वकील तिथे पोचत नाहीत, पंच रोज तिथेच असतात.

शब्दाचा आणखी एक वापर आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात ऐकू येतो. मुकादम टोळीसाठी उचल घेतो, टोळी येत नाही, आणि मग पैसे देणारे मुकादमाला किंवा त्याच्या पोराला गाडीत घालून घेऊन जातात. ‘आमचेच पैसे होते’ असं ते म्हणतात. पैसे खरे असतील, पण माणूस डांबून वसुली करण्याचा हक्क कोणाला नाही. गुप्तपणे डांबण्यासाठी नेलं तर १४०(३), ७ वर्षांपर्यंत. आणि पैसे दिले नाहीत तर मारून टाकू अशी धमकी त्यात आली, तर प्रकरण १४०(२) कडे सरकतं, जिथे शिक्षा जन्मठेप किंवा फाशी आहे. २०२१ मध्ये शेख अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खंडणीच्या या कलमासाठी नेणं आणि मागणी एवढं पुरत नाही, जिवाची किंवा इजेची धमकीही सिद्ध व्हावी लागते. अविश्वास ठरावाच्या आधी ग्रामपंचायत सदस्यांना ‘सहलीला’ नेतात, तेव्हाही विरोधी गट अपहरणाची तक्रार देतो. सदस्य सज्ञान आहे, राजीखुशीने गेला तर ते अपहरण नाही. धमकावून नेला तर आहे.

नवरा-बायकोच्या भांडणात बापाने मूल उचलून आपल्या घरी नेलं तर? न्यायालयाचा ताब्याचा आदेश नसेल तर बाप स्वतःच नैसर्गिक पालक असल्याने १३७ सहसा लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये असंच म्हटलं. आईने कौटुंबिक किंवा जिल्हा न्यायालयात ताब्याचा अर्ज करावा.

आणि ‘मुलं पळवणारी टोळी’ या शब्दांबद्दल. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराचा दिवस होता. सोलापूरकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेवरून लोकांनी त्यांना मुलं पळवणारे ठरवलं होतं. कोणाचंही मूल हरवलं नव्हतं. कोणाचीही फिर्याद नव्हती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं. आपल्या जिल्ह्यांनी हे विसरू नये. कोणी अनोळखी माणूस मुलाशी बोलताना दिसला, संशय आला, तर त्याला बसवून ठेवा, पाणी द्या, ११२ ला फोन करा, पोलीस येईपर्यंत त्याच्या आणि जमावाच्या मध्ये उभे राहा. मोबाइलवर ‘सावधान, टोळी आली’ असा निरोप आला तर पुढे पाठवण्याआधी आपल्या ठाण्यात विचारा. पाच घरं उजाडली ती या तीन शब्दांवर.

परत तुमच्या प्रकरणाकडे येतो. मुलगी सापडल्यावर तिला बालकल्याण समितीपुढे नेलं असेल आणि दंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली तिचा जबाब होईल किंवा झाला असेल. त्या जबाबाला फार वजन असतं. तुमच्यापैकी कोणीही तिला किंवा तिच्या घरच्यांना भेटायला, समजावायला, पैसे द्यायला जाऊ नका. साक्षीदारावर दबाव आणला म्हणून मिळालेला जामीनही रद्द होतो. तिचा फोटो, नाव, दोघांची ‘स्टोरी’ मोबाइलवर टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली आणि पोक्सोखाली स्वतंत्र गुन्हा आहे. भाच्याचा फोन फोडून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यातले तिचे मेसेज हाच कदाचित त्याचा एकमेव आधार आहे. पोलिसांनी फोन जप्त केला असेल तर पंचनाम्यात त्याची नोंद आहे का ते बघा.

मुलीच्या वडिलांसाठीही एक गोष्ट, कारण हे तेही वाचतील. तुमची लेक परत आली आहे. पुढचे काही महिने तिला तेच तेच अनेकांना सांगावं लागणार आहे. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना, घरी किंवा तिला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो. तो हक्क मागून घ्या. तिने काय सांगावं हे तिला शिकवू नका. तिला घरी यायचं नसेल तर बालकल्याण समिती तिला बालगृहात ठेवू शकते, तो तुमचा अपमान नाही. दहावी-बारावीचा फॉर्म भरायची तारीख निघून जाणार नाही एवढं बघा.

मामा, तुम्ही वकील लावला असेल तर त्याच्याकडे हे घेऊन जा: मुलीची ग्रामपंचायतीतली जन्मनोंद, भाच्याचं स्वतःचं वय दाखवणारं दहावीचं प्रमाणपत्र, दोघांच्या फोनचे तपशील मागवण्यासाठी नंबर, रेल्वेचं तिकीट किंवा पैसे भरल्याची नोंद, सुरतेच्या खोलीमालकाचं नाव आणि खोली कोणत्या तारखेला घेतली ते. दोषारोपपत्र दाखल झालं की त्याची पूर्ण प्रत विनामूल्य मिळते. ती मिळाल्यावर मुलीचा १८३ चा जबाब आधी वाचा, मग वडिलांची फिर्याद. दोन्हींत ‘नेलं’ कुठे आहे आणि ‘गेले’ कुठे आहे त्यावर खूण करून ठेवा. उलटतपास तिथूनच सुरू होईल.